मागचा डावा पाय

कार्टूनपटांच्या स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणायचे. एक रेघ काढायची आणि तीन खोडायच्या, असा तिचा खाक्या. तिच्या टेबलाखाली रबराचा भुगा साठायचा आणि झाडूवाली बाई रोज तिच्या नावाने बोटं मोडायची. खोडरबरचं काम मधल्या चित्रांचं. हत्तीकाका एखाद्या हालचालीची दोन-चार मुख्य चित्रं काढून द्यायचे आणि मधली सगळी हिने भरायची. हत्तीकाका म्हणजे तिथले सगळ्यात जुने चित्रकार. जन्मभर हत्ती काढले, स्वतः मात्र काडीपहिलवान.

यंदा पहिल्यांदाच तिला एक अख्खा प्रसंग मिळाला होता. कळपामागून हत्तीचं पिल्लू चालत येतं, एवढंच. तिने अठ्ठेचाळीस चित्रं काढली, त्यांची कच्ची फिल्म झाली, छोट्या खोलीत पडद्यावर लागली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे लंगडतंय की."

खोली हसली. खोडरबरने कागद परत टेबलावरच्या, चित्रं एकावर एक नेमकी बसवणाऱ्या खुंट्यांवर चढवले, काचेखालचा दिवा लावला आणि एकेक चित्र तपासलं. एकातही चूक सापडेना. पण गठ्ठा बोटांत धरून फरफर उलटला, की मागचा डावा पाय दर खेपेला एक चित्र उशिरा टेकायचा. तिने तीनदा उलटून पाहिलं. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं, ही चाल आपल्या ओळखीची आहे.

तिचे बाबा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. ती चार वर्षांची असताना दाबयंत्राचं लोखंड त्यांच्या डाव्या पायावर पडलं. तेव्हापासून घरात त्या पायाचं नाव काढायचं नाही. बाबा असे ताडताड चालायचे, जणू कोणाला काही दिसतच नाही. दिसायचं सगळ्यांना. आई त्यांचे बूट गुपचूप मोच्याकडे न्यायची, कारण डावा वेगळाच झिजायचा. शाळा टेकडीवर होती, आणि सहा वर्षं रोज सकाळी खोडरबर त्या चढावर बाबांच्या मागून पळाली होती. चालणं म्हणजे काय, ते तिचा हात तिथेच शिकला होता.

"कोणाची चाल ही?" हत्तीकाकांनी मागे येऊन विचारलं.

"बाबांची. चुकून झालं, काका. आत्ता सरळ करते."

"पिल्लाची कर. ही मात्र फेकू नकोस. आपला म्हातारा हत्ती डोंगर उतरून कळपाच्या पुढे येतो ना, तो तीन आठवडे माझ्या हातून नुसता सरकतोय. वजनच येत नाही त्याला. त्याला दे ही चाल."

"नको. बाबांना कळेल. ते कोणाला दिसू देत नाहीत."

हत्तीकाकांनी पेन्सिलीला टोक काढलं. "बाप तुझा, तू ठरव," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत सांग."

तिने म्हातारा दोन्ही चालींनी काढून पाहिला. सरळ चालणारा म्हातारा गुळगुळीत दिसायचा, कुठल्याही हत्तीसारखा. लंगडणारा पुढे आला की वाटायचं, हा सगळ्यांना नीट घेऊन जाईल. तिचा जीव जडला त्याच्यावर, खोटं कशाला सांगा. शुक्रवारी तिने लंगडणाऱ्याचा गठ्ठा हत्तीकाकांच्या टेबलावर ठेवला, आणि घरी चकार शब्द काढला नाही.

सिनेमा पुरा व्हायला वर्ष गेलं. स्टुडिओतल्यांच्या घरच्या मंडळींसाठी एका रविवारी सकाळी खेळ ठेवला होता. ती आई-बाबांच्या मधोमध बसली. म्हातारा हत्ती धुळीतून डोंगर उतरत आला. डावा पाय उशिरा टेकला, पुन्हा उशिरा टेकला. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या चिमुरडीने आईला विचारलं, "हे आजोबा पडणार नाहीत ना?"

बाबा हलले नाहीत. त्यांच्याकडे मान वळवून बघायची तिची छाती झाली नाही. आपण बापाची अब्रू भर पडद्यावर मांडली, असं तिला वाटत होतं.

खेळ सुटल्यावर बाबा नेहमीसारखे ताडताड पुढे निघून गेले. ती आणि आई मागून निघाल्या. कोपऱ्यावर मात्र बाबा थांबलेले दिसले.

"तो म्हातारा तू काढलास?"

"हो, बाबा."

"चुकलाय."

तिने मान खाली घातली.

"अशी चाल चढाची असते," बाबा म्हणाले. "तू मला चढावरच पाहिलंस. उतरताना जास्त दुखतं. तेव्हा पाय आणखी उशिरा टेकतो."

तिथून घरापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा होता. बाबांनी एकदा त्या रस्त्याकडे पाहिलं आणि तिच्यापुढे हात केला.

"धर जरा," ते म्हणाले. "आणि सावकाश चल."