पाहुण्यांसमोर मावशी

इतर घरांत पाहुणे यायचे म्हटलं की पोरांच्या अंगावर धड कपडे चढतात. या घरात ते उतरायचे. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला की संचालक व्हरांड्यात येऊन टाळ्या पिटत, "चला, चपला काढा! स्वेटर काढा! पाहुणे आले!" पोरं सवयीनं चपला पलंगाखाली ढकलत, उसवलेले फ्रॉक आणि बटणं तुटलेले सदरे चढवत आणि अनाथ होऊन रांगेत उभी राहत. तसे त्यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप हयात होते. पण हयात आईबाप असलेली पोरं बघायला विमानानं कोण येतो?

संचालकांना सगळ्यांनी 'पप्पा' म्हणायचं, असा नियम होता. दुभाष्याचं काम करणाऱ्या बाईंना ते जमत नसे. 'अहो' म्हणावं तर भलताच गैरसमज व्हायचा. म्हणून त्या नुसत्या खाकरत. बाई एरवी शाळेत परकी भाषा शिकवत आणि सुट्टीत इथं येत. त्यांचे वडील चर्चमध्ये पाळक होते. प्रार्थना चालू असताना इकडेतिकडे बघायचं नाही, हे त्यांनी लेकीला कान पिळून शिकवलं होतं. त्यामुळे इथं प्रार्थना सुरू झाली की बाईंचे डोळे आपोआप मिटत.

या खेपेचा जथा पिवळे टी-शर्ट घालून उतरला. छातीवर 'आम्ही सेवेकरी' असं छापायचं होतं. परदेशातल्या छापणाऱ्याला आपली अक्षरं कुठली ठाऊक? त्यानं 'स' ऐवजी 'म' लावून दिला होता. 'आम्ही मेवेकरी' अशी ती सगळी माणसं हसतमुखानं फाटकातून आत आली. बाईंनी वाचलं आणि चूक दाखवायचं कारण त्यांना दिसलं नाही.

कार्यक्रम ठरलेला असे. आधी गाणं, मग मिठ्या, मग भिंत. मिठीच्या वेळी पोरांनी दोन्ही हात पसरून पळत यायचं. ज्याच्या वाट्याला जे पोर येई त्याला तो उचलून छातीशी धरी, दुसऱ्याकडून फोटो काढून घेई, खाली ठेवी आणि खिशातली बाटली काढून हातांना जंतू मारायचं औषध चोळी. पोरंही हात पुढे करायला शिकली होती. त्यांना वाटे, मिठी झाली की थंड पाणी मिळतं. बाई हे बघत, आणि जेवणघरातला वरणाचा वास एकाएकी त्यांच्या नाकात चढे.

मग जेवणघराची भिंत. दर जथा ती भिंत रंगवून जाई, कारण सेवा केल्याचं काहीतरी दिसायला हवं. रंगावर रंग चढून दिव्याचं बटण भिंतीत रुतून बसलं होतं, दाबायला काडी लागे. शेजारच्या न्हाणीघराचं छत गळत होतं. पण छताखाली फोटो चांगला येत नाही.

या घरात कपडे धुणारी एक बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. कामवाल्या बाईला मावशी म्हणायचीच रीत, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. खारूताईही मावशीच म्हणायची. खारूताई म्हणजे पहिलीतली पोर. दिसेल त्यावर चढायची, म्हणून हे नाव. फरक एवढाच, की ही मावशी तिची सख्खी आई होती.

नवरा गेल्यावर ती पोरीला घेऊन पप्पांच्या दारात आली, तेव्हा पप्पांनी तिला शांतपणे समजावलं होतं, "पोर अनाथ असेल तर ठेवून घेता येईल. आणि तुम्ही तिच्या आई नसाल तर कामावरही ठेवता येईल." दुभाष्याचं काम करणाऱ्या बाई तेव्हा तिथंच बसल्या होत्या. दोघींच्या डोक्यावर छप्पर आलं होतं. अट एकच, पाहुण्यांसमोर 'आई' हा शब्द काढायचा नाही. रात्री पांघरुणात काय ते म्हणा.

त्या दिवशी रंगकाम चाललं असताना खारूताई शिडीवर चढली, पाय सटकला आणि धाडकन खाली आली. गुडघा फुटला. तिनं बोंब ठोकली, "आई गं!"

अंगणात दोरीवर चादर टाकत असलेली मावशी दोन ढांगांत दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून जागच्या जागी थिजली. पप्पा तिच्याकडे बघत होते.

तोवर शिडीजवळच्या टोपीवालीनं पोरीला उचललं होतं. मोठ्या काठाची गवती टोपी घालणारी ही बाई जथ्यातली सगळ्यांत हळवी. विमानात बसून तिनं इथल्या भाषेतले चार शब्द पाठ केले होते: नमस्कार, पाणी, प्रेम आणि आई. चौथा कानावर पडला आणि तिचा चेहरा उजळला.

"तिनं मला आई म्हटलं!" ती तिच्या भाषेत ओरडली. "ऐकलंत ना? मला आई म्हटलं!"

बाई म्हणाल्या, "लागलं की आमच्यात सगळेच तसं म्हणतात. परवा गाडीच्या दारात बोट चेमटलं तेव्हा हे संचालकही म्हणाले."

पण ऐकायला होतं कोण? मेवेकऱ्यांनी गोल धरला, हात वर झाले, प्रार्थना सुरू झाली. बाईंचे डोळे मिटले. उघडले तेव्हा पोरीच्या गुडघ्याचं रक्त पिवळ्या टी-शर्टला लागलेलं होतं आणि टोपीवाली त्या डागाचा फोटो काढून घेत होती. गुडघा धुवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी पप्पांनी बाईंना कार्यालयात बोलावलं. टोपीवाली बसली होती. मावशी सरबताच्या पेल्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती.

"बाई, प्रभूची कृपा झाली," पप्पा म्हणाले. "मॅडम खारूताईला घेऊन जायचं म्हणताहेत. कायमची. आणि आपल्या वरच्या मजल्याच्या बांधकामाचा खर्च बघणार आहेत."

मावशीनं बाईंकडे बघितलं.

"अहो, पण तिची..." बाईंच्या तोंडून अखेर 'अहो' निघून गेलं.

"तिचं कोणी नाही," पप्पा म्हणाले. "हो ना मावशी?"

मावशी आत आली. ट्रे तेवढा टेबलावर ठेवला.

खारूताईला आणलं. गुडघ्यावर आता कार्टूनची पट्टी होती. टोपीवाली तिच्यासमोर खाली बसली, डोळे पुसले आणि बाईंना म्हणाली, "तिला विचारा, आईबरोबर जाशील का? अगदी याच शब्दांत. मी सांगते तसंच, काही बदलू नका."

बाईंनी आयुष्यभर पोरांना बजावलं होतं, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका, वाट लागते. आज त्यांनी शब्दाला शब्द ठेवला.

"खारूताई, आईबरोबर जाशील का?"

पोरीनं आधी पप्पांकडे बघितलं. पाहुण्यांसमोर हा शब्द? पप्पा मोठ्या मायेनं हसून मान डोलावत होते. म्हणजे चालतं! ती टोपीवालीच्या हाताखालून सुळकन निसटली आणि मावशीच्या कमरेला विळखा घालून म्हणाली, "जाईन! आई, कुठं जायचंय गं आपल्याला?"

मावशीनं तिचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हे काय?" टोपीवालीनं विचारलं.

"सांगा, मोलकरणीचा लळा लागलाय," पप्पा घाईनं म्हणाले. "सांगा, बाई!"

बाई नुसत्या खाकरल्या नाहीत. स्वच्छ आवाजात, व्याकरणासकट म्हणाल्या, "ही तिची आई आहे."

टोपीवालीनं त्या दोघींकडे बघितलं. तिला लाज वाटेल, ती चिडेल, निदान पप्पांना चार शब्द सुनावेल, असं बाईंना वाटलं होतं. तिनं खिशातून बाटली काढली, हातांना औषध चोळलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मग दुसरं एखादं आहे का? खरं?"

"आहेत की," पप्पा म्हणाले. एवढ्यापुरती ती भाषा त्यांना येत होती.

बाई उठून बाहेर आल्या आणि अंगणातल्या नळाखाली तोंड धरलं.

मावशीचं गाठोडं बांधून व्हायला फार वेळ लागला नाही. नव्हतंच फार. ती पोरीला घेऊन नळापाशी आली.

"तुम्हाला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" ती म्हणाली. "मी रात्री पोरीला घेऊन निघूनच जाणार होते. जाताना महिन्याचा पगार तरी मागून घेतला असता, गावी कोण आजारी आहे म्हणून. आता लाथ मारून हाकललं. तुम्ही आपल्या खरं बोलून मोकळ्या झालात."

"माझ्याकडे चला," बाई म्हणाल्या. "वरची खोली रिकामी आहे."

"काय म्हणून? पुन्हा मावशीच ना?"

जेवणघरातून टाळ्या ऐकू आल्या. पप्पा पोरांना पुन्हा रांगेत उभं करत होते. फाटकावरचा राखणदार धावत आला. "बाई, आत बोलावलंय. गटाचा फोटो राहिलाय."

"मला कोरडं व्हायला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरून, मानेवरून पाणी निथळत होतं आणि तरी काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं.

मावशीनं त्यांच्याकडे नखशिखान्त बघितलं. मग गाठोडं काखेत मारलं.

"येते," ती म्हणाली. "पण तुमच्याकडची धुणी मी धुणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"नका धुऊ."

"आणि हिला शिडीबिडी दाखवू नका."

"आई, मला कडेवर घे ना," खारूताई म्हणाली. "गुडघा दुखतोय."

"चाल गुमान," मावशी म्हणाली आणि तिला उचलून घेतलं.