दीड इंच

राधाकिसनने चाक दोन्ही हातांनी उभं धरलं, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं. बाजारात माठ घेताना वाजवतात तसं.

"पक्कं है मामू," हमीदभाई म्हणाला. "तडकायचं न्हाई."

"आवाज बोदा येऊन राह्यला."

"अ‍ॅल्युमिनियम है ना. त्याचा आवाज असाच."

राधाकिसनने मान हलवली, पण त्याचं काही समाधान झालं नाही. चाक खाली ठेवून त्यानं दुसरं उचललं. जालन्यात मोंढ्याच्या रस्त्याला हमीदभाईचं टायरचं दुकान होतं. दुकानापुढच्या फरशीवर अशी तीन तऱ्हेची चाकं मांडली होती. एकाला पाच जाड आरे, एकाला बारीक बारीक पुष्कळ, आणि तिसऱ्याला वाकडे, भोवऱ्यासारखे फिरत गेलेले. आसराबाई दुकानातल्या लाकडी बाकावर पदर सावरून बसली होती. तिला तिन्ही सारखीच दिसत होती. पण नवरा बैलजोडी पारखावी तसा एकेका चाकाभोवती फिरत होता, म्हणून तीही मधून मधून "हे बरं दिसतं" असं म्हणत होती.

बाहेर लाल मारुती उभी होती. सून गिरिजा तिच्या दाराला टेकून रस्त्याकडं बघत होती. टेंभुर्णीहून इथवर तिनंच गाडी चालवत आणली होती. राधाकिसनला गाडी येत नव्हती आणि त्यांच्या मुलाला, त्रिंबकला, जाऊन अडीच महिने झाले होते. पहिल्यांदा गिरिजा एकटी गाडी घेऊन शाळेत शिकवायला निघाली, तेव्हा टेंभुर्णीच्या पारावरची माणसं उभी राहून बघत होती. मोकळ्या कपाळाची बाई, आणि हातात स्टेअरिंग. आठ दिवस गावाला तेवढाच विषय पुरला. मग पेरण्या सुरू झाल्या आणि गावानं विषय बदलला.

राधाकिसनने खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. त्रिंबक बियाण्याच्या ज्या कंपनीत होता, तिथलाच तो छापील कागद, आणि त्यावर त्याचं अक्षर. चाक तेरा इंची. टायर एकशेपासष्ट, साठ. स्प्रिंगा चारही, दीड इंच खाली. डॉक्टरची चिठ्ठी औषधवाल्याला द्यावी तसा राधाकिसनने तो हमीदभाईपुढं धरला.

"ह्याच्यात लिव्हलंय तसं बराबर बसवा. कमी न्हाई, जास्त न्हाई."

चाकांवरून त्या घरात दोन वर्षं वाद झाला होता. गाडी जुनीच घेतलेली, पण त्रिंबकनं तिला पोटच्या पोरीसारखी जपली. कुठून कुठून मासिकांतली चित्रं आणून भिंतीला लावली. रोज जालन्याला जायची-यायची गाडी, तीच त्याला अशी करायची होती. रुंद चाकं, पातळ टायर, आणि जमिनीला अंग घासत चालणारी. राधाकिसनच्या डोक्यात ते बसेना. चांगली उंच गाडी खाली कशाला बसवायची? पैसे देऊन घर कुणी खड्ड्यात बांधतं का? एका सकाळी जेवताना बोलण्यावर बोलणं वाढलं आणि तो ताटावरून उठला. उठता उठता म्हणाला, "मी मेल्यावर बसव तुझी ती चाकं."

त्यानंतर चाकांचं नाव कुणी काढलं नाही. चैत्रात त्रिंबकला कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी तो गेला.

दहाव्याला पूर्णेच्या काठावर पिंड मांडले. पुरुष पुढं, बायका मागं बाभळीच्या सावलीला. कावळा समोरच्या दगडावर येऊन बसला, पण पिंडाकडं बघेना. माणसाची एखादी इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून मग एकेक जण हात जोडून सांगायला लागला. चुलता म्हणाला, शेताचं मी बघतो. मामा म्हणाला, तुझ्या आईबापाला उघडं पडू देणार नाही. कावळा चोच घासत राहिला. मग राधाकिसन म्हणाला, गिरिजाला लेकीसारखी ठेवतो, ह्याच घरात ठेवतो, तिची काळजी सोड. त्यावर कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

ऊन डोक्यावर आलं. लोक चुळबुळायला लागले. आसराबाई त्या पाठमोऱ्या कावळ्याकडं बघत होती. तो कशासाठी अडलाय हे तिचं काळीज सांगायला लागलं, तसं तिनं ओठ न हलवता म्हटलं, 'बरं बाबा. न्हाई ठेवत. तिला न्हाई अडवणार. तिचं दुसरं घर मी स्वतः बघंन. जाय आता.'

तेवढ्यात राधाकिसन एकदम गुडघ्यावर आला आणि मोठ्यानं ओरडला, "चाकं बसवतो रे बाबा. तुझी चाकं, स्प्रिंगा, समदं बसवतो."

कावळा उडाला आणि पिंडावर उतरला.

पोराचा जीव चाकांत अडकला होता, असं सगळा गोतावळा बोलत घरी गेला. आसराबाईनं आपलं बोललेलं मनातच ठेवलं. मोठ्यानं बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. मनातलं कावळ्यानं ऐकलं की नाही, हे कुणी सांगावं? तिनं स्वतःला हे पुन्हा पुन्हा समजावलं. एका घासाला दोन नवस लागले, त्यातला जो सोपा तो खरा धरायला काय हरकत आहे?

तिला गिरिजा हवी होती. साधी गोष्ट होती. सकाळी चुलीपुढं दोघी बसायच्या, दोघी एकाच वेळी रडायच्या आणि एकाच वेळी थांबायच्या. रडणं कधी थांबवायचं हे कळणारं माणूस घरात दुसरं नव्हतं. गिरिजाचा भाऊ बद्रीनाथ घनसावंगीहून दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी नुसता बसला. दुसऱ्या वेळी म्हणाला, ताईचं वय सव्वीस, लेकरूबाळ नाही, तुमच्यात विधवेचा पाट लागतो, आमच्यातही लागतो. अंबडला एक मास्तर आहे, त्याची बायको बाळंतपणात गेली. माणूस चांगला आहे. आसराबाईनं त्याला आग्रहानं दोन पोळ्या जास्त वाढल्या आणि वरीस तर होऊ द्या म्हणाली. गिरिजा आतून ऐकत होती. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बादली घेतली आणि सकाळीच धुतलेली गाडी परत धुवायला लागली.

बद्रीनाथ गेला त्याच संध्याकाळी आसराबाईनं नवऱ्यामागं भुणभुण लावली. चाकं बसवायची ती बसवून टाका. पोराला बोललात ना? मग उशीर कशाला? एकदा चाकं बसली की बोललेलं फिटलं, असा तिचा सरळ हिशेब होता.

आता हमीदभाई कागद नाकाशी धरून वाचत होता. चाक आहे, टायरही आहे, म्हणाला. स्प्रिंगा पुण्याहून मागवाव्या लागतील. काही लोक आहे तीच स्प्रिंग दोन वेढे कापून बसवतात, पण तसं करू नका. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडते, आणि गाडी बैलगाडीसारखी आदळते. मग त्यानं हाताचा पंजा आडवा करून दाखवला, गाडी किती खाली येईल ते. दीड इंच म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात पोटाखालचं सगळं दगडाला लागतं. मागं दोन माणसं बसली की रुंद टायर पत्र्याला घासतो. टायर पातळ, म्हणून खड्ड्याचा मार सरळ चाकाला, आणि हे चाक एकदा वाकलं की ठोकून सरळ होत नाही.

"शौकाची गाडी असली तर काही हरकत न्हाई," तो म्हणाला. "रोजची है का?"

"रोजची," राधाकिसन म्हणाला.

"रोज कोन चालवतं?"

राधाकिसन घुटमळला. बाहेरून गिरिजाच म्हणाली, "मी."

हमीदभाईनं मान वर केली. आधी तिच्याकडं पाहिलं, मग लाल गाडीकडं, मग परत हातातल्या कागदाकडं. कागद उलटा करून त्यानं कंपनीचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, ही तर त्रिंबकभाऊंची गाडी! हे अक्षर बी त्यांचंच. ही चिठ्ठी त्यांनी इथंच बसून लिव्हली व्हती, ह्याच बाकावर. कवाधरनं आले न्हाईत. हैत कुठं?"

गिरिजा परत रस्त्याकडं बघायला लागली. हमीदभाईची नजर तिच्या कपाळावर गेली आणि तिथंच थांबली. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कधी?"

"चैत्रात," आसराबाई म्हणाली.

हमीदभाईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, स्वतः पेले भरले, आणि राधाकिसनपुढं उकिडवा बसला. त्याची बोलण्याची तऱ्हा बदलली होती. मामू, ही चाकं घेऊ नका, तो म्हणाला.

"न्हाई, घ्यायचीच हैत," राधाकिसन म्हणाला. "त्याची इच्छा व्हती. कावळा त्याच्यावरच शिवला."

"इच्छा व्हती. पर त्यांनी सोडली व्हती ना."

"काय?"

"दिवाळीलाच. मी स्प्रिंगा मागवनारच व्हतो. तर आले आन् म्हणले, हमीदभाई, न्हाई पाहिजे. चाकं बी नको. बायको गाडी शिकून राह्यली, शाळेत ती नेईल. रस्ता सगळा दगडाचा, गाडीला उंचीच पाहिजे." तो थोडा हसला. "मी थट्टा केली व्हती. म्हणलं, दोन वरीस माझं डोकं खाल्लं, आन् आता? तर म्हणले, दोन वरीस मी एकटाच चालवत व्हतो."

गिरिजा गाडीच्या मागच्या टोकाला गेली आणि खाली बसली. चाकापाशी काही पडलं असावं, ते शोधावं तशी. तिची फक्त पाठ दिसत होती.

राधाकिसन हातातल्या पेल्याकडं बघत होता. "मला बोलला न्हाई," तो म्हणाला. मग परत, "मला कशाला बोलंल. मी काय बोललो व्हतो त्याला."

"तसं न्हाई मामू."

"मंग कावळा कशाला शिवला?"

हे त्यानं हमीदभाईला विचारलं. हमीदभाईला त्यातलं काय कळणार? मग त्यानं बायकोकडं पाहिलं. लहान पोर चुकलेली बेरीज घेऊन येतं, तसं त्याचं तोंड झालं होतं. आसराबाईनं नजर चुकवली आणि उठली. उठताना गुडघा धरावा लागला.

ती मांडलेल्या तीन चाकांवरून पुढं गेली. भिंतीला साध्या टायरांची चळत होती. तिनं वरच्यावर हात ठेवला. रबराची खरखरीत नक्षी बोटांना लागली.

"ह्याच्यातलं बसवा," ती म्हणाली. "गाडीला हैत तसलेच, उंच. जुने पार गुळगुळीत झालेत. चारही बदला."

"बराबर काकी. कुठवर जाती गाडी? शाळेपोत?"

"लांब जाईल," आसराबाई म्हणाली. "टिकतील असे द्या."

टायर बदलायला तासभर लागला. राधाकिसन बाकावरून हलला नाही. कागदाची घडी त्यानं पुन्हा पहिल्यासारखी घातली, खिशात ठेवली, आणि खिशावर हात ठेवून बसून राहिला. हमीदभाईनं मजुरी घेतली नाही. त्यावरून थोडी ओढाताण झाली, तीही मनापासून नाही.

परत निघाले तेव्हा आसराबाई पुढं बसली. राधाकिसन मागं. गिरिजानं डोळे धुतले होते, पण पदराच्या कडा ओल्या होत्या. गाडी नव्या टायरांवर जरा कडक चालत होती. दोन चौक मागं पडले. मोठी चौफुली आली. इथून एक रस्ता टेंभुर्णीकडं, घरी जायचा. एक अंबडकडं, आणि तिथून पुढं घनसावंगीला.

"थांब जरा," आसराबाई म्हणाली.

गिरिजानं गाडी कडेला न घेता तिथंच थांबवली. मागं एक ट्रक येऊन उभा राहिला.

"अंबडचा रस्ता घे. तिथून बद्रीनाथकडं जाऊ. त्याच्याशी बोलायचंय."

गिरिजानं वळून पाहिलं. तिला कळलं होतं. आसराबाईला तिच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून ती समोरच्या काचेकडं बघत राहिली.

मागून राधाकिसन म्हणाला, "तिकडं कशाला?"

"त्या दिवशी तुम्ही चाकं बोललात," आसराबाई म्हणाली. "मी दुसरं बोलले व्हते."

राधाकिसन काय समजला, किती समजला, हे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"आज नको ना आत्याबाई," गिरिजा हळूच म्हणाली. "पुढच्या रविवारी जाऊ. न्हाईतर दसऱ्याला."

"आजच."

"पण—"

"आजच चाल माय. उद्या माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

ट्रक पुन्हा ओरडला, आणि त्याच्याही मागून आणखी कुणी. गिरिजाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. बऱ्याच वेळानं त्यातला एक सुटला, आणि गाडीचा अंबडकडच्या वळणाचा दिवा टिकटिक करायला लागला.