नामस्मरण करणारे मासे

१९४१च्या उन्हाळ्यात हिंगोलीजवळच्या आमच्या ओढ्यावर माणसांची जत्रा लोटली. तिथले मासे म्हणे विठ्ठलाचं नाव घेत होते! पाण्यावर तोंड काढायचे, उघडायचे, मिटायचे. काठावर मंडपात बसलेले जलसिद्ध महाराज ओरडत, "ऐका, नाम चाललंय!" ऐकू कुणालाच येत नव्हतं, पण कबूल कोण करणार? उकंडराव पाटलांनी तर एका वाम माशाला सूर चुकला म्हणून दटावलंही. मी गावचा मास्तर. शाळा ओस पडली म्हणून मीही गेलो.

महाराज ओढ्याचं पाणी तीर्थ म्हणून लेकरांनाही पाजत. मासेमारी बंद, कारण भक्तांना जाळ्यात धरणं पाप! रोज सकाळी काही भक्त पोट वर करून तरंगत. "समाधी लागली," महाराज सांगत.

आशाबाई भोईणीची चूल या ओढ्यावर पेटायची. बाई रागानं तापली होती. "मास्तर, आमी इथं अकरा जातीचे मासे धरत होतो. आता मरळ अन् वाम तेवढे राह्यले. वरच्या अंगाचे मासे काहून गप हायत, ते पाहा की!"

जाऊन पाहिलं. मध्येच कोळशाच्या वखारीची मोरी ओढ्याला मिळत होती. तिथं कोळसा धूत. मोरीच्या वरचे मासे मजेत पोहत होते, भक्तीचा पत्ता नाही. आशाबाईनं त्यातला एक घागरीत धरला, मंडपात आणला आणि सगळ्यांसमोर त्यात मोरीचं काळं पाणी ओतलं. थोड्याच वेळात मासा वर येऊन तोंड वासू लागला.

"यालाबी भक्ती लागली!" उकंडरावांनी हात जोडले.

"भक्ती न्हाई पाटील, त्याचा जीव घुसमटून राहिला! कोळशाचा भुगा कल्ल्यांत बसला." तिनं मासा स्वच्छ पाण्यात सोडला. हळूहळू त्याचं नामस्मरण थांबलं. मरळ आणि वाम वरची हवा गिळतात, म्हणून त्या टिकल्या होत्या.

मग घागर महाराजांपुढं आली. "घ्या तीर्थ."

"आज आमची निर्जळी आहे."

"निर्जळी?" पखालवाले खाजा मिया म्हणाले. "आत्ताच तर माझ्या पखालीतलं विहिरीचं पाणी प्यायले!"

महाराज त्याच दुपारी गाव सोडून गेले. मासे का मरतात हे कुणी विचारू नये, म्हणून मंडपाचा खर्च वखारीचा ठेकेदार करत होता, हे मागाहून कळलं. पाटलांनीच पहिलं फावडं उचललं आणि मोरी ओढ्यापासून तोडून दूर खड्ड्यात वळवली.

पुढच्या वर्षी आशाबाईच्या जाळ्यात सात जाती आल्या. चार अजून आलेल्या नाहीत. ती रोज पाहते. वाचकहो, कुणी तोंड वासून तडफडत असेल, तर हात जोडण्याआधी पाणी तपासा.