पाच मिनिटांची शिक्षा

कॅनडात, सस्कॅचेवनमधल्या कार्डेल गावाच्या आइस हॉकी रिंकचा बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर गेल्या हिवाळ्यात आचके देऊ लागला, तेव्हा गावाला लॉर्न हाव्रिलुकची आठवण झाली. त्याआधी ती यायचं काही कारण नव्हतं. तो गावातच राहत होता आणि रोज पोस्टात दिसत होता.

रिंक समितीचा अध्यक्ष ग्लेन टॉफ विमा विकायचा, म्हणजे दुसऱ्याच्या वाईटात काहीतरी चांगलं बघायची त्याला सवय होती. कल्पना त्याचीच. रविवारी दुपारी जुन्या खेळाडूंचा समारंभ ठेवायचा, लॉर्नचा जर्सीवरचा नंबर मानानं छताला टांगायचा, आणि समोर आणून उभा करायचा क्वेबेकचा गेताँ प्रोव्हो.

"दोन जुने वैरी, लॉर्न! मधोमध उभे राहणार, मी पक टाकणार, तुम्ही हात मिळवणार. लोक रडतील. आणि रडलेला माणूस देणगीला हात सैल सोडतो."

"त्याला विचारलंस का?"

"मुलीनं फोन उचलला. 'सन्मान' म्हटल्यावर लगेच हो म्हणाली."

छताला टांगण्याजोगं लॉर्नच्या खेळात काय होतं, हे ग्लेननं विचारलं नाही आणि लॉर्ननं सांगितलं नाही. नऊ हिवाळे तो मोठ्या लीगमध्ये खेळला. त्याचे गोल हाताच्या बोटांवर मोजता आले असते, पण त्यातली दोन बोटं आता वळत नव्हती. त्याचं काम वेगळं होतं. संघातल्या चपळ, किरकोळ पोरांना कुणी हात लावला, की लॉर्ननं हातमोजे बर्फावर टाकायचे. हातमोजे पडले की पुढचं बोलणं संपतं. समोरचाही आपले टाकतो. एका हातानं एकमेकांची जर्सी धरायची आणि दुसऱ्यानं मारायचं. लोकांचं पोट भरलं असं पंचांना वाटलं की ते सोडवतात. मग दोघांनी आपापल्या शिक्षेच्या खोक्यात पाच मिनिटं बसायचं, आणि परत यायचं. कार्डेलमधलं पोर चालायला लागायच्या आधी एवढं शिकलेलं असतं.

गेताँचं कामही तेच, समोरच्या संघातून. दोघं इतक्यांदा भिडले होते की दोघांच्या बायकांना समोरचा टीव्हीवर पाठीवरूनही ओळखू येई. बोलणं मात्र कायम एवढंच, "चलतोस?" "चल."

लॉर्न हो का म्हणाला, हे त्यानं बायकोला, डोरीनलाही सांगितलं नव्हतं. शरद ऋतूत सास्काटून शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काही शब्द लक्षात ठेवायला दिले होते आणि थोड्या वेळानं परत मागितले. त्यानं तीन दिले. चौथा अगदी ठामपणे स्वतःच तयार करून दिला.

"डोक्यावर अंदाजे किती फटके बसलेत?" तिनं विचारलं.

"मारणाऱ्यांना विचारा. मी मोजायच्या अवस्थेत नव्हतो."

बाई हसली नाही. त्यावरून त्याला काय ते समजलं. गेताँ त्याच्याहून थोडा मोठा, धंदा तोच, आणि ठोसे तर एकमेकांचेच. गेताँनं ओळखलं तर अजून वेळ आहे. लॉर्नला रविवारी फक्त हे बघायचं होतं की आपलं पुढचं साल कसं दिसतं.

कपडे बदलायच्या खोलीत गेताँ बाकावर बसला होता. सुटाबुटात, भांग पाडलेला, येणाऱ्या प्रत्येकाकडे पाद्र्यासारखा हसून बघत. शेजारी त्याची मुलगी मिरेय त्याच्या सुटावर जर्सी चढवत होती.

"पापा, हे लॉर्न हाव्रिलुक."

"वा, वा," गेताँ उठून म्हणाला. "बरं झालं दुरुस्तीला आलात. भट्टी तळघरात आहे. रात्रभर खडखड करते बघा, घर काही तापत नाही."

लॉर्ननं मिरेयकडे पाहिलं. मिरेयनं त्याला दाराबाहेर नेलं.

"मी फोनवर सांगायला हवं होतं. पण पापांच्या बाबतीत 'सन्मान' हा शब्द किती वर्षांनी ऐकला मी. लोभ सुटला."

"कुणालाच ओळखत नाहीत?"

"मला कधी बहीण समजतात, कधी नर्स. ते चालतं हो. पण आमच्याकडे परवा दुकानात पोरं हसली त्यांना. एवढंच करा, इथे कुणाला हसू देऊ नका."

"नाही हसणार," लॉर्न म्हणाला. कार्डेलच्या वतीनं त्यानं पहिल्यांदाच काहीतरी कबूल केलं होतं, आणि ते कसं पाळायचं याची त्याला काडीची कल्पना नव्हती.

बर्फावर लाल गालिचा अंथरला होता. टाळ्या झाल्या. लॉर्नचा एकोणीस नंबर दोरीवर हेलकावत वर गेला आणि पंख्याला अडकला, तो मुख्याध्यापकांनी काठीनं सोडवला. ग्लेननं माईकवर ठेवणीतला रडवेला आवाज काढला. दोघं म्हातारे सुटावर जर्सी, हातात मोजे आणि काठ्या घेऊन समोरासमोर आले. पक, रबराची ती काळी चकती, मध्ये पडली. गेताँ त्या चकतीकडे कौतुकानं बघत राहिला, कुणाचा तरी हरवलेला चेंडू असावा तसा.

"आता हात मिळवा!" ग्लेन ओरडला.

जाड मोजा घालून कुणी हात मिळवत नाही, तो अपमान असतो. लॉर्ननं उजवा मोजा ओढून डाव्या काखेत धरला. बोटं ताठलेली होती, तो निसटला आणि खाली पडला. तो पकडायला वाकला, तर सैल झालेला दुसराही गळाला.

दोन मोजे. गेताँच्या पायाशी.

गेताँच्या चेहऱ्यावरचा पाद्री निघून गेला. त्या जागी जो आला त्याला लॉर्न चांगला ओळखत होता.

"चलतोस?" गेताँ म्हणाला, आणि आपले मोजे टाकले.

"गेताँ, नाही, हे चुकून..."

पहिला ठोसा गालाच्या हाडावर बसला, बरोबर जुन्याच जागी. सगळं रिंक उठून उभं राहिलं. मोजे पडल्यावर कार्डेलमध्ये कुणी बसत नाही, खुब्याचं ऑपरेशन झालेलेसुद्धा. ग्लेनला वाटलं लॉर्ननं हे मुद्दाम बसवलंय. "बघा, बघा!" तो माईकवर ओरडत नाचू लागला.

लॉर्ननं डाव्या हातानं गेताँच्या उजव्या खांद्याचं कापड मुठीत घट्ट पकडलं आणि डोकं त्याच्या छातीत खुपसलं. मारलं नाही.

"मार की," गेताँ त्याच्या कानात वैतागून म्हणाला. "लोक बघतायत."

लॉर्ननं त्याच्या खांद्यावर एक ठोसा दिला, दार ठोठावल्यासारखा. दोघं गालिच्यावरून बर्फावर घसरत गेले. सुटाच्या पँटी, ऑफिसचे बूट, पाय चारी दिशांना. वरच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. हसू बाकांवरून खाली उतरायला लागलं. काचेमागे मिरेयनं तोंडावर हात घेतला.

लॉर्न आपल्या गावात कधी खाली पडला नव्हता. त्याच्याबद्दल गावाला माहीत असलेली ती एकच गोष्ट होती, आणि वर छताला टांगलं होतं तेही तेवढंच. गेताँचा पुढचा ठोसा जेमतेम कानाला चाटून गेला. लॉर्ननं गुडघे सोडून दिले आणि तो सपशेल आडवा झाला.

हसू थांबलं. इतकी शांतता कार्डेलच्या चर्चमध्येही कधी नसते.

गेताँनं जिंकल्यासारखे हात वर केले नाहीत. त्या धंद्यातल्या लोकांत तसं करत नाहीत. त्यानं जर्सी खाली ओढली, बर्फावरून सावकाश चालत गेला, पाहुण्यांच्या शिक्षेच्या खोक्याचं दार उघडलं आणि आत बसला. मिरेय धावली.

"पापा, चला, घरी जाऊ."

"वेडी आहेस का? पाच मिनिटं आहेत."

"पापा, सामनाच नाहीये."

"मग घड्याळ कशाला लावलंय?"

लॉर्न उठला. गालावर ऊन ऊन काहीतरी ओघळत होतं. तो दुसऱ्या खोक्यात जाऊन बसला. दोन खोक्यांच्या मध्ये, काचेआड, डोरीन होती. ती लग्नाआधीपासून कार्डेलच्या सामन्यांची वेळ राखायची.

"पाच मिनिटं लाव," तो म्हणाला.

"लॉर्न, तुझा गाल..."

"लाव गं."

तिनं लावली. वर तांबडे आकडे पेटले आणि उतरू लागले. कुणी बाहेर गेलं नाही. ग्लेननं माईक तोंडाजवळ नेला, डोरीननं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तो खाली ठेवला.

"ए सस्कॅचेवनवाल्या!" गेताँनं डोरीनच्या डोक्यावरून हाक मारली. "मंद झालास की रे."

लॉर्न काचेला चिकटला. "ओळखलंस मला?"

"म्हणजे काय! उजवा खांदा धरणारा तूच एक. बाकी सगळे गळा धरतात." त्यानं आपला खांदा चोळला. "मूठ तीच आहे. ऐक, पोरं झालीत का तुला?"

"दोन मुलगे."

"मला एक मुलगी आहे. मिरेय. एवढीशी आहे." त्यानं बाकाच्या उंचीवर हात धरला. मिरेय त्याच्या मागेच उभी होती. ती कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"नाव काय रे तुझं?" गेताँ म्हणाला. "इतक्या वर्षांत विचारलंच नाही."

"लॉर्न."

"लॉर्न," त्यानं चव घेतल्यासारखं म्हटलं. "कधी फार लागलं असेल तर मनावर घेऊ नकोस. कामच तसं आहे."

"तूही नको घेऊस."

लॉर्न मागे टेकून बसला. शिक्षेत फार बोलू नये अशी दोघांची जुनी समजूत होती. आकडे उतरत राहिले. डोरीनचा हात बटणाजवळ होता. लॉर्नला वाटलं तिला सांगावं, घड्याळ थांबव. पण डोरीननं इतक्या हिवाळ्यांत कुणासाठी घड्याळ थांबवलेलं नव्हतं, आणि हे तर दोघांसाठी सारखंच चाललं होतं.

भोंगा वाजला. दोन्ही दारं उघडली. लॉर्न लगबगीनं पुढे झाला आणि उघडा हात पुढे केला.

गेताँनं तो दोन्ही हातांत घेतला आणि पाद्र्यासारखा हसला.

"झाली का भट्टी?"

लॉर्ननं मान डोलावली. "झाली. आता खडखड करणार नाही."

"फार उपकार झाले हो," गेताँ म्हणाला, आणि मिरेयचा हात धरून गालिच्यावरून निघाला. लोक टाळ्या वाजवत होते. कशासाठी ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण कॉम्प्रेसरच्या पैशांचं काम त्या दुपारी झालं. ग्लेन रडत होता आणि या खेपेला त्याचा आवाज खरा होता.

बाहेर सूर्य धान्याच्या कोठारांमागे टेकला होता. डोरीननं इंजिन गोठू नये म्हणून लावलेली गाडीची वायर भिंतीच्या प्लगमधून काढून गुंडाळली. सास्काटूनला काय झालं ते लॉर्ननं तिला तिथेच सांगितलं, बॉनेटला टेकून, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसं. ती वायर गुंडाळतच राहिली. गुंडाळून झाल्यावर तिनं ती उलगडून पुन्हा गुंडाळली.

"हातमोजा काढ," तो म्हणाला.

"हात गोठेल माझा."

"काढ. इथे धर." त्यानं तिचा हात आपल्या उजव्या खांद्यावर, जर्सीच्या कापडावर ठेवला. "असं नाही. मुठीत."

"लॉर्न, लोक येतायत."

"येऊ देत. अजून घट्ट."

तिनं धरलं. कापडाच्या शिवणी कुरकुरल्या.

"हं, असं," तो म्हणाला. "पुढे कधी ही मूठ लागेल तुला."

ती मूठ न सोडता त्याच्याकडे बघत राहिली. हात लाल झाला, मग पांढरा पडायला लागला, तरी तिनं सोडली नाही.