कस्तुराबाईंचा टाक

परभणीच्या सराफ्यात परमेश्वर सोनारानं पुडी उलगडून चांदीचा टाक राजेश्रीच्या तळहातावर ठेवला. आगपेटीएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाई. नाकात नथ, डोक्यावर पदर, मुठीत मावेल अशी कंबर, आणि छातीवर लिंबू कापून पालथं घातल्यासारखे दोन नेमके गोल.

"हे आईसारखं नाही," राजेश्री म्हणाली.

"ताई, टाकात कुणाचीच आई तिच्यासारखी नसती. ठसा एकच हाय, माझ्या आजोबाच्या हातचा. झरीतल्या निम्म्या घरांच्या देवात हीच बाई बसलीय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या घराण्यात सवाष्ण गेलेल्या बाईचा टाक वर्षश्राद्धाला देव्हाऱ्यात बसवतात, रोज फूल वाहतात. राजेश्रीची आजीही अशीच बसली होती. आजी म्हणजे नुसती तुराटी. पण टाकात भरदार. दसऱ्याला देव घासताना आई, कस्तुराबाई, दरवर्षी हसायची, "सासूबाईला मेल्यावर अंग आलं बघ."

आता त्याच ओळीत आई बसायची होती. आणि शेवटची सहा वर्षं आईला डावा स्तन नव्हता.

राजेश्री कॉलेजात संस्कृत शिकवायची. सोन्याचे कलश, बेलफळं, चक्रवाकांची जोडी या सगळ्या उपमा तिनं खाली माना घालून हसणाऱ्या पोरापोरींना निर्विकार चेहऱ्यानं समजावल्या होत्या. मूर्तिकाराचं गणितही सांगितलं होतं. चेहऱ्याची लांबी हे माप; तेवढंच अंतर गळ्यापासून छातीपर्यंत, तेवढंच छातीपासून बेंबीपर्यंत. माप आधी ठरलेलं, बाई मागाहून त्यात बसवलेली. हे सांगताना तिला कधी काही खटकलं नव्हतं. ऑपरेशननंतर आईला पहिल्यांदा न्हाऊ घालताना मात्र तिची नजर भिंतीवरून हलेना. आईच म्हणाली होती, "बघ की इकडं. निम्मं रान पेरलंय, निम्मं पडीक ठेवलंय. एवढंच तर हाय."

"डावी बाजू सपाट करून द्या," राजेश्रीनं सोनाराला सांगितलं.

परमेश्वरनं टाक पटकन मागं घेतला. "लोक म्हणतील, परमेश्वरचा हात चुकला. आन् देवातली वस्तू हाय ताई. घरच्या मोठ्या माणसांना विचारा, मग या."

घरची मोठी माणसं म्हणजे वडील बन्सीधर आणि त्यांची थोरली बहीण नर्मदाबाई. राजेश्री दुपारच्या बसनं त्यांच्याकडे, झरीला गेली. आत्या वर्षश्राद्धाच्या तयारीला आधीच येऊन बसली होती आणि सुपातले गहू निवडत होती. ऐकल्याबरोबर तिचा हात थांबला.

"येडी का खुळी तू? खंडित मूर्ती देव्हाऱ्यात चालती का? नाक उडालेला गणपती आपण नदीत सोडतो."

"आई खंडित होती का, आत्या?"

"मी तसं म्हणलं का? तोंडात शब्द घालू नको. जिती होती तवा होती. आता देवात जायलीय ना ती. देवात जाताना तरी बिचारीला सगळं असू दे." आत्याचा आवाज एकाएकी ओला झाला. "तिचं गेलेलं परत द्यायलाय सोनार, आन् तू काढून घ्यायलीस."

आत्याच्या बोलण्यातली माया राजेश्रीला अनपेक्षित होती. खरंच, आईला काय आवडलं असतं? गावात निघताना आई ब्लाऊजमध्ये कापसाची उशी घालायचीच. आरशात दोन्ही बाजू सारख्या करून मगच उंबरा ओलांडायची. मग आपण हा हट्ट आईसाठी धरतोय, की आपल्याच दुःखाला काहीतरी खरं हाताशी हवंय म्हणून?

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "आहे तसाच बसवू."

बन्सीधर ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. बायको गेल्यापासून ते कामापुरतं बोलत. आता त्यांनी घसा खाकरला.

"ती उशी बाहेरची होती. दारातून आत आली की आधी ती काढून खुंटीला अडकवायची, मग पाणी प्यायची. म्हणायची, सुटले बाई. घरात कधी घातली न्हाई, माझ्यासमोर तर न्हाईच." ते थांबले. "देवघर घरातच हाय न्हवं?"

आत्या हार मानणारी नव्हती. "आन् खंडिताचं काय?"

"अक्का, मूर्ती फुटली की तिचं काम संपतं. हिनं तर ऑपरेशन झाल्यावर तुझ्या दोन पोरींची लग्नं उरकली. मांडवात तू रडत बसली होतीस. आचाऱ्याला शिव्या कोण घालत होतं?"

"लय घातल्या," आत्या म्हणाली. हसू दाबायला तिनं पदर तोंडाला लावला, आणि तो तसाच डोळ्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर स्वतः लेकीबरोबर सराफ्यात आले. परमेश्वरनं टाक तापवलेल्या लाखेवर उताणा बसवला आणि लाकडी हातोडीनं डावा गोल हलक्या हातानं आत बसवला. चांदी फाटू नये म्हणून तो एकेक ठोका मोजून मारत होता. सपाट झाल्यावर त्यानं विचारलं, "व्रण कसा होता?" बन्सीधरांनी बोट आपल्या सदऱ्यावर ठेवलं आणि काखेपासून छातीच्या हाडापर्यंत तिरपी रेघ ओढून दाखवली. शेवटी किंचित वर वळणारी. परमेश्वरनं ती तशीच चांदीवर कोरली. ते वळण राजेश्रीला आठवत नव्हतं. तिनं वडिलांकडे पाहिलं आणि दुकानाबाहेर येऊन थोडा वेळ उभी राहिली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी टाकाला दूध-पाण्यानं आंघोळ आत्यानंच घातली. तिचा अंगठा सपाट जागेवरून एकदा फिरला, रेघेवर अडखळला, मग तिथंच जरा जास्त वेळ पुसत राहिला. कस्तुराबाई सासूच्या शेजारी बसल्या.

त्यांच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची होती. ती बोलावण्याचं काम आत्यानं कुणाला न सांगता स्वतःकडं घेतलं होतं. बाराच्या सुमाराला ती कमलबाईंना घेऊन आली. खालच्या आळीतल्या कमलबाई. कस्तुराबाईंचं झालं तेच ऑपरेशन त्यांचं गेल्या उन्हाळ्यात झालेलं. तेव्हापासून त्या हळदीकुंकवाला जाईनाशा झाल्या होत्या आणि बोलवायचं लोकही विसरले होते. छातीवरून पदर दुहेरी लपेटून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मी चालते का पण, नर्मदाबाई?"

"आधी देवाला कुंकू लाव, मग विचार."

कमलबाई देव्हाऱ्यापाशी वाकल्या. कुंकू लावायला उचललेलं बोट तसंच राहिलं. सपाट बाजूवरची तिरपी रेघ त्यांनी वाकून पाहिली. मग त्यांनी कुंकू लावलं, पदर एका खांद्यावरून नीट घेतला आणि पाटावर येऊन बसल्या. आत्यानं त्यांची ओटी भरली.

पोळी वाढायला राजेश्री वाकली, तेव्हा कमलबाईंनी तिच्या कानाशी येऊन विचारलं, "कस्तुरावैनी ब्लाऊज कुठं शिवायच्या गं? मला कुणाचाच नीट बसंना."

"परभणीला. सोमवारी चला माझ्याबरोबर," राजेश्री म्हणाली आणि त्यांच्या पोळीवर तुपाची धार धरली.