ठिपका, ठिपका, फुली

मल्लेश आला तेव्हा चंद्रिकाबाईंची पूजा नुकतीच आटोपली होती. सोमवारी त्या एकदाच जेवत, तेही दिवेलागण झाल्यावर, त्यामुळे सकाळी स्वयंपाकघरात घाई नसायची. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत मल्लेशचा टॉवेल-चादरींचा कारखाना. एरवी आला की "सर कुठायत?" म्हणत थेट आतल्या खोलीत शिरायचा. आज मात्र तो बाहेरच खुर्चीच्या कडेवर टेकला, काखेतला वर्तमानपत्रात गुंडाळलेला टॉवेल सोडला आणि चंद्रिकाबाईंच्या हातात दिला. सरांच्या नाही. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं, काहीतरी बिनसलंय.

मल्लेशच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आहेरात द्यायच्या टॉवेलांच्या काठावर दोघांची नावं विणून घ्यायची होती, भुवनेश्वरी आणि गुरुशांत. सरांच्या प्रोग्रामवरून विणलेला हा नमुना होता. चंद्रिकाबाईंनी काठ उलगडून पाहिला. सुट्टीच्या दिवशी एस्टीच्या दारात माणसं एकमेकांवर चढावीत तशी अक्षरं एकमेकांवर चढली होती. कुठं भुवनेश्वरी संपते आणि कुठं गुरुशांत सुरू होतो, काही कळत नव्हतं.

मल्लेश खाली बघत बोलला. लग्नाला वेळ आहे, काळजीचं काही नाही, पुण्यातला एक मुलगा तयार प्रोग्राम द्यायला राजी आहे, असं सगळं त्यानं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "अक्का, सरांनी आमच्यासाठी लई केलं. आमच्या आप्पांच्या वेळंपासनं. आता त्यांना आराम देऊ या की."

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. सर उंबऱ्याशी येऊन उभे होते. सिद्धलिंग सर. नव्या पेठेतला संगणकाचा क्लास बंद होऊन वर्षं लोटली, तरी सोलापुरात अजून त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. चंद्रिकाबाईसुद्धा चारचौघांत त्यांना सरच म्हणत. डोळ्यांत काचबिंदू उतरलेला. दाराच्या फटीतून बघावं तेवढंच जग उरलेलं. त्यांनी हात पुढे केला. टॉवेल घेतला आणि काठावरून अंगठा फिरवत नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अक्षरांमधलं अंतर गेलंय," ते म्हणाले. "मी सोळा केलं होतं."

मल्लेश उठला. चहा अर्धाच ठेवून, दोघांच्या पाया पडून निघून गेला.

तो गेल्यावर सरांनी चंद्रिकाबाईंना संगणकापाशी बसवलं आणि प्रोग्राममधली अंतराची ओळ शोधून वाचायला सांगितली. त्यांनी शोधली. वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"गॅप बरोबर एक," त्या म्हणाल्या.

"सोळा."

"एक आहे हो. नुसता एक."

सरांनी मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिलं. पूर्वी तिथे सहा होतं. नवीन टॉवेल रुंद, म्हणून अंतर वाढवायचं, सहाच्या आधी एक लिहायचा, झाले सोळा. एवढीशी गोष्ट. ती आपण केली याची त्यांना शपथेवर खात्री होती, आणि समोर मात्र एकच होता. महिन्याभरात असं काही ना काही होतच होतं. चालता प्रोग्राम अचानक अडायचा, खाली इंग्रजीत चुकांची यादी यायची, ती बारीक अक्षरं सरांना दिसायची नाहीत, मग चंद्रिकाबाई वाचून दाखवायच्या. कधी अर्धविराम गायब, कधी शब्दाचं शेपूट गायब. मुलगा भीमाशंकर बंगळूरहून फोनवर सांगत होता, आई, बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे ने, विसरायची सुरुवात अशीच होते. चंद्रिकाबाई त्याला आज-उद्या करत टाळत होत्या.

आज सर स्वतःच म्हणाले, "भीमाला सांग, डॉक्टरांची वेळ घे. आणि मल्लेशला सांग, पुण्याच्या पोराकडून करून घे." मग त्यांनी संगणकावर कापड ओढलं, अगदी नीट, चारी कोपरे सारखे करून.

त्या दिवशी दिवेलागणीला ताट वाढून घेतलं तरी चंद्रिकाबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. कडक भाकरी दही-शेंगाचटणीत भिजवून त्या नुसत्या बसून राहिल्या. आठवत होता तो क्लास. नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर दोन खोल्या, ओळीनं मांडलेले संगणक, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तो गडद निळा रंग, त्यावर पिवळी अक्षरं. टर्बो पास्कल, सर शिकवायचे ती संगणकाची भाषा. दुपारी मुलं नसत तेव्हा सर त्यांना समोर बसवून शिकवायचे. शिकवणं हा बहाणाच होता. त्यांना कुणीतरी ऐकणारं हवं असायचं. चंद्रिकाबाई शिकल्या मात्र खरोखर. मल्लेश तेव्हा शेवटच्या बाकावर बसून आप्पांच्या मागांचे किस्से सांगणारा पोरगा. त्याच्या आप्पांसाठीच सरांनी हा प्रोग्राम लिहिला होता. नाव द्यायचं, आणि मागानं कुठला धागा उचलायचा त्याचा नकाशा काढून घ्यायचा.

एकेक अक्षर चौकटीच्या कागदावर काढलेलं होतं. सर कागद धरून सांगायचे आणि चंद्रिकाबाई भरायच्या. रिकाम्या घराला ठिपका, भरलेल्या घराला फुली. "ठिपका, ठिपका, फुली, फुली, फुली, ठिपका." पूर्ण बाराखडी त्यांनी अशी भरली होती. ऐकता ऐकता बोटं आपोआप चालायची, जपाच्या माळेसारखी. खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे, वर पंख्याची घरघर, आणि मधे तो आवाज. भीमाशंकर तेव्हा टेबलाखाली वायरींत खेळायचा. क्लास बंद झाला आणि संसाराच्या धबडग्यात त्यांनी पुन्हा कधी काही लिहायला कीबोर्डला हात लावला नाही, पण तो आवाज कानातून गेला नव्हता.

जुना संगणक मेला तेव्हा भीमाशंकरनं नव्यावर लाझारस घालून दिलं होतं. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर, फुकट, पास्कलसाठीच. जुना प्रोग्राम त्यात जवळजवळ जसाच्या तसा चालला, त्याचं सरांना लहान मुलासारखं कौतुक वाटलं होतं. फक्त पडदा पांढराफेक होता. डोळ्यांत पाणी येतं म्हणायचे, आणि पुन्हा बसायचे.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, तीर्थ दिलं आणि चंद्रिकाबाईंनी कापड काढलं. सरांना म्हणाल्या, मला एकदा करून दाखवा, तुम्ही काय करता ते. सर नको म्हणाले. त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर सरांना ठाऊक होतं की त्या आता उठणार नाहीत.

त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. सरांच्या हातांकडे बघत राहिल्या. हात पहिल्यासारखेच होते, न बघता नेमके पडणारे. सरांनी ओळ गाठली. मग लिहायच्या आधी उजवा हात उचलला, कीबोर्डच्या वरच्या अंगाला चाचपला, एक बटण दाबलं, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं, आणि मगच लिहायला सुरुवात केली. पुढच्या ओळीवर पुन्हा हात वर गेला आणि बटण नुसतं चाचपून परत आला.

"ते कुठलं बटण दाबलंत?"

"इन्सर्ट."

"कशाला?"

सर जरा ओशाळले. "त्याशिवाय कर्सर दिसत नाही मला. सुतासारखा असतो. ते दाबलं की चांगला जाड होतो, मग सापडतो."

चंद्रिकाबाईंचे हात मांडीवर होते तसेच राहिले. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सर प्रत्येक तुकडीला जे सांगायचे ते या माणसाला कसं आठवलं नाही? आपण लिहितो तिथे लुकलुकणारी जी खूण, तो कर्सर. तो बारीक असला तर पाहुण्यासारखा, जरा सरका म्हणून जागा करून घेतो. जाड असला तर जावयासारखा, बसलेल्याला उठवतो आणि त्याच्या जागी बसतो. मुलं दरवर्षी हसायची. अक्षरांचे ठिपके-फुल्या भरताना जावई लागायचा, कारण चौकट सरकून चालत नाही. बाकी सगळीकडे पाहुणा.

"अहो," त्या म्हणाल्या, "जावई बसलाय."

सरांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी सहाच्या आधी एक कसा लिहिला असेल, ते हवेतच बोटानं लिहून पाहिलं. एकानं सहाला उठवलं होतं. अर्धविराम गेले ते असेच, शब्दांची शेपटं गेली ती अशीच.

"म्हणजे मी सोळाच लिहिला होता," ते म्हणाले. आवाज असा की परीक्षेत पास झाल्याचं कुणी येऊन सांगावं.

"तुम्ही एक लिहिलात. सोळा तुमच्या मनात होता."

तरी खात्री करून घ्यायला हवी होती. जावयानं आणखी काय काय खाल्लंय कोण जाणे. चंद्रिकाबाईंनी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतला, चातुर्मासात पोथी वाचतात तसा, सावकाश, एका सुरात. सर डोळे मिटून ऐकत होते. मधेच हात वर करायचे. तिथे बावीस होतं. तिथे शेवटी कंस होता. ही ओळ बरोबर आहे, पुढे. गॅसवरची आमटी आटून गेली तरी दोघांना भान नव्हतं. शेवटची ओळ झाली तेव्हा चंद्रिकाबाईंना मेंदूच्या डॉक्टरांचं भय उरलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं होतंच. ते कुठं जाणार नव्हतं.

आता प्रश्न सवयीचा होता. कर्सर दिसला नाही की हात इन्सर्टवर जाणारच. दुपारी सर जरा आडवे झाल्यावर चंद्रिकाबाई एकट्याच बसल्या. लाझारसची खिडकी एक नव्हे, चार-पाच, चारी दिशांना विखुरलेल्या. एक बंद करायला गेल्या तर दुसरीच गेली. ती परत आणण्यात वेळ गेला. मनात नामस्मरण चाललं होतं म्हणून चिडचिड झाली नाही एवढंच. मग पर्यायांच्या पानावर रंगांची यादी सापडली. तिथे एक जुन्या पास्कलचा होता. तो निवडला आणि पांढरा पडदा विझून निळा झाला.

त्या तशाच बसून राहिल्या. खाली रिक्षांचे भोंगे नव्हते, पंखाही नवा होता, तरी क्षणभर वाटलं, मागून कुणीतरी कागद धरून उभं आहे.

अक्षरं त्यांनी चांगली टपोरी केली. कर्सर असेल त्या सबंध ओळीला हिरवा पट्टा दिला, म्हणजे कर्सर दिसला नाही तरी ओळ दिसेल. आणि बटणांच्या यादीतून इन्सर्टचं काम काढून टाकलं. ते कसं काढायचं हे त्यांना लाझारसवाल्यांच्या चर्चेच्या पानावर मिळालं. कुठल्या तरी दूर देशातल्या माणसानं विचारलं होतं की माझी अक्षरं कोण खातंय. त्याची बायको जवळ बसलेली नसणार, असं चंद्रिकाबाईंच्या मनात आलं.

चहाच्या वेळी सर येऊन बसले. पडदा पाहिला आणि हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

"अगं," एवढंच म्हणाले.

मग लिहून पाहिलं. सवयीनं हात वर गेला, इन्सर्ट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"हे बटण मेलं वाटतं."

"मी काढलं."

सर हसले. मग विचारात पडले. मल्लेशला दोन नावांच्या मधे बेलाचं पान हवं होतं, ते अजून भरायचंच होतं. आता जाड कर्सरच नाही तर फुल्या कशा भरणार?

"तो दुसऱ्या बटणावर ठेवलाय," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "कुठल्या, ते सांगणार नाही. फुल्या मी भरते, तुम्ही सांगा."

मल्लेशला फोन लावून त्यांनी सांगितलं, पुण्याच्या मुलाला थांबव, नवीन नमुना येतोय. तो काही विचारू लागला, तेव्हा म्हणाल्या, सर कामात आहेत, मग बोलतील.

सरांनी चौकटीचा कागद शोधून काढला आणि नाकाशी धरून पान काढायला बसले. चंद्रिकाबाईंनी देवघरातून कालचं बेलपत्र आणून त्यांच्या तळहातावर ठेवलं. सरांनी ते अंगठ्यानं चाचपलं, मधलं दल, मग दोन्ही बाजूंची, मग देठ.

"मधलं जरा मोठं असतं नाही?"

"असतं. आणि देठ आखूड करा, लांब केलात तर पानापेक्षा तोच उठून दिसेल."

त्या सरसावून बसल्या, पदर खोचला. सरांनी कागद उजेडाकडे धरला, घसा खाकरला, आणि सुरुवात केली.

"ठिपका, ठिपका, ठिपका, फुली..."

"हळू," चंद्रिकाबाई म्हणाल्या, "बोटांना आठवू द्या की."