बाईंचे मानाचे तांदूळ

मित्रांनो, जरा खाली वाकून बघा. फडताळाच्या खालच्या कप्प्यात, एक पाय मोडून बसलेला मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. कुरकुरतो म्हणून हसू नका. इतकी वर्षे जळला असता, तर तुम्हीही कुरकुरला असता.

साठ-पासष्ट सालची गोष्ट. चौक गावाजवळच्या पाच खेड्यांनी वर्गणी काढून एक दवाखाना उघडला आणि कर्जतच्या बाजारातून मला तिथे आणले. तेव्हा मी असा चकचकीत होतो की माझ्यात तोंड दिसे! सुया, सिरिंजा उकळायच्या, हे माझे काम. डॉक्टरसाहेब फक्त बुधवारी येत. बाकीचे दिवस दहिवलीच्या जानकीबाई नर्स दवाखाना सांभाळत. ताप, जखमा, बाळंतपणे, सगळे त्याच बघत. आडबाजूच्या वाडीवर जायचे झाले, तर मला पिशवीत घालून पायी निघत. माझे पाय त्यांच्या कमरेला टोचत, पण त्यांनी मला कधी आदळले नाही.

गावकी डॉक्टरांना प्रत्येक कामाची फी देई, मोटारभाडे देई. बाळंतपण पार पडले की पाचवी झाल्यावर त्यांना पायलीभर तांदूळही मानाने जात. बाईंना मात्र तुटपुंजा पगार आणि वर काही नाही. माझ्या पोटातले रॉकेलसुद्धा त्या पदरचे पैसे घालून आणत. मला ते पिताना लाज वाटे हो!

एकदा गावातल्या लडकूची सून अडली. बाईंनी सकाळपासून दुपारपर्यंत झटून तिला मोकळी केली. पुढच्या बुधवारी डॉक्टरांनी बाळ-बाळंतिणीला तपासले, तेव्हा लडकूने त्यांच्यापुढे तांदूळ ठेवले.

"अहो, हे बाईंना द्या. सगळं त्यांनीच केलंय," डॉक्टर म्हणाले.

लडकू हसला. "बाई तर घरच्याच हायेत. घरच्या मानसाला कोन मान देतं?"

मग डॉक्टरही हसले आणि तांदूळ घेऊन गेले. मी रागाने भडकलो आणि पातेले काळे करून टाकले.

पुढे मोहोपाड्याच्या एका कारखान्याने बाईंना आपल्या दवाखान्यात जादा पगारावर बोलावले. त्यांना जायचे नव्हते, पण घरी दोन मुली शिकत होत्या. बाईंनी गावकी बोलावली. माझ्यावर सगळ्यांसाठी चहा ठेवला.

"डॉक्टरांचा सगळा मान त्यांनाच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण जे काम त्यांच्याऐवजी मी करते, त्याची फी मलाही तेवढीच द्या. रॉकेल आणि जाण्यायेण्याचा खर्च द्या. नाहीतर मला जावं लागेल."

गावकीचे म्होरके पदूदादा दुखावलेच. "आसं काय बोलता बाई? तुमी आमची लेक. लेक कदी बापाकडं फी मागते काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते मनापासून पटले होते, हेच तर दुखणे!

"लेकीच्या घरात चूल पेटते का, हे बाप बघतो तरी, पदूदादा," बाई म्हणाल्या. चहा पिऊन सगळे उठून गेले.

महिनाअखेरीस बाई निघाल्या. सारे गाव गोळा झाले, बायका रडल्या. पदूदादांनी नव्या फडक्यात बांधलेले पायलीभर तांदूळ पुढे केले.

बाई त्या गाठोड्याकडे बघत राहिल्या. "घरची होते तोवर हे मिळाले नाहीत. आज परकी झाले, म्हणून आणलेत ना?"

पदूदादांची मान खाली गेली. "ऱ्हा ना गं बाय," ते कसेबसे म्हणाले.

पण बाईंनी तिकडे शब्द दिला होता. त्यांनी डोळे पुसले, तांदूळ उचलले आणि त्या गेल्या. ते त्यांच्या हक्काचेच होते.

तेवढ्या पगारावर दुसरी नर्स काही आली नाही. माझा बर्नर बुजला, पंपाचे कातडे वाळले. लोक अजून बाईंची आठवण काढतात. आठवण काढायला पैसे पडत नाहीत ना!

मित्रांनो, थकलो मी आता. मला घासले नाहीत तरी चालेल. पण तुमच्या गावात अशी एखादी घरची बाई असेल, तर तिचे तांदूळ तिच्या निरोपाच्या दिवसासाठी राखून ठेवू नका.